वाढणे आणि वाढून घेणे

लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटच्या वचनापाशी प्रत्येक भाषांतरकाराला थोडा वेळ थांबावे लागते. बारा वर्षांचा येशू यरुशलेमेहून नासरेथास परतला आणि पुढे तो कशाकशात वाढत गेला, हे लूक तेथे सांगतो. ज्ञान आणि कृपा हे शब्द सोपे आहेत. त्यांच्यामध्ये ‘हेलिकिया’ हा जो ग्रीक शब्द आहे, तो मात्र लेखणी अडवतो. त्याचे अर्थ दोन : वय आणि अंगाची उंची. जक्कय ठेंगणा होता हे सांगताना लूक हाच शब्द योजतो (१९:३). जन्मांधाचे आईबाप आपला मुलगा जाणता झाल्याचे सांगतात, तेथेही योहान हाच शब्द वापरतो (९:२१). चिंता करून ज्यात कोणालाही हातभर भर घालता येत नाही (मत्तय ६:२७), ती उंची की आयुष्य, याविषयी भाषांतरे आजही दोन्ही बाजूंनी होतात.

शब्दातील ही अडचण वरवर पाहता कोशाची वाटते. पण ती आपल्या जगण्याची आहे. वय आपोआप वाढते, त्यासाठी काही करावे लागत नाही. शरीराची उंची मात्र विशीच्या सुमारास थांबते. मग उरलेली पन्नास-साठ वर्षे मनुष्य वाढतो तो कशात? की वाढ संपते आणि केवळ वय उरते?

मानसशास्त्रातही पुष्कळ काळ वाढीचा विचार बालपण व किशोरवय यांपुरताच होत असे. एरिक एरिकसन यांनी १९५० साली ‘चाइल्डहूड अँड सोसायटी’ या ग्रंथात जन्मापासून वार्धक्यापर्यंत वाढीचे आठ टप्पे मांडले. त्यांपैकी सातवा प्रौढत्वाचा. या टप्प्यात मनुष्य पुढच्या पिढीची जोपासना करू लागतो; ते त्याला साधले नाही, तर त्याचे जीवन साचून राहते. आठव्यात तो आपल्या झालेल्या आयुष्याचा स्वीकार करतो, नाही तर निराश होतो.

हा सातवा टप्पा आपल्या मायबोलीला फार पूर्वीच ठाऊक असावा असे मला वाटते. ‘वाढणे’ या एकाच क्रियापदाने आपण दोन गोष्टी सांगतो. मूल वाढते आणि आई जेवायला वाढते. पहिल्या वाढण्यास कर्म नाही. ते स्वतःपाशीच थांबते. दुसऱ्या वाढण्यासाठी समोर कोणाचे तरी ताट लागते. पहिल्या अर्थाने वाढलेला मनुष्य दुसऱ्या अर्थाने वाढू लागला नाही, तर त्याचे वय वाढले, उंची वाढली नाही, असेच म्हणावे लागेल.

याचे उदाहरण आम्हां भाषांतरकारांच्या घरातलेच आहे. पंडिता रमाबाई संस्कृतच्या विदुषी होत्या, त्यांची कीर्ती देशोदेशी गेलेली होती, मुक्ती मिशनचा व्याप सांभाळायचा होता. तरी पंचेचाळिशी ओलांडल्यावर त्यांनी इब्री व ग्रीक या मूळ भाषांतून संपूर्ण पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले, आणि साध्या बायाबापड्यांना समजावे म्हणून ते अखेरपर्यंत चालविले. १९२२ साली केडगाव येथे त्या निवर्तल्या. १९२४ साली संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले. स्वतः शिकणे आणि दुसऱ्याच्या ताटात घालणे ही दोन्ही ‘वाढणी’ येथे एक झालेली दिसतात.

येथेच लेख संपविता आला असता, तर तो सोपा झाला असता. परंतु माझ्या घरात एक प्रश्न बसून आहे.

माझी आई शहाऐंशी वर्षांची आहे. वडील प्रभूमध्ये झोपी गेल्यावर तिला श्रीरामपूरजवळच्या गावातून आम्ही बंगळुरास आणले. चाळीस वर्षे तिने शब्बाथशाळेत मुलांकडून वचने पाठ करून घेतली. आज तिला त्यांतील एकही सलग आठवत नाही, आणि कित्येकदा मी कोण हेही आठवत नाही. गेल्या पावसाळ्यात एका रात्री जेवताना तिने आमटीची पळी उचलली आणि मला वाढू लागली. हात थरथरला, आमटी माझ्या समोरच्या कागदांवर सांडली. मी तिच्या हातातून पळी काढून घेतली आणि म्हणालो, “आई, तू बस गं आता. तुला नाही जमायचं.” ती बसली. त्या रात्री ती पुढे जेवली नाही.

जी आता वाढू शकत नाही, तिची वाढ संपली काय?

अशा वेळी लोक पौलाचा आधार देतात. बाह्य देह झिजला तरी अंतर्याम रोज नवे होते (करिंथकरांस दुसरे पत्र ४:१६). ते सत्य आहे. पण स्मरणच गेले, तर नवे काय होते? मला एवढेच समजले आहे की स्मरणशक्तीही मेंदूची, म्हणजे बाह्य देहाचीच आहे. ती झिजते त्याला वाढ म्हणणे हा खोटेपणा होईल, आणि आईच्या दुःखाचा तो अपमान होईल. झीज ही झीजच आहे.

मात्र तिच्यातून एक कठीण काम पुढे येते. तरुणपणी पेत्र आपली कंबर आपणच बांधीत असे. म्हातारपणी त्याला हात पुढे करावे लागतील आणि दुसरा कोणी त्याची कंबर बांधील, असे प्रभूने त्याला सांगितले (योहान २१:१८). ते त्याच्या मरणाविषयी होते, असे योहान म्हणतो. तरी प्रत्येक वृद्ध त्यात आपले चित्र पाहू शकतो. प्रभूला आपले पाय धुऊ देण्यास जो पेत्र तयार नव्हता, त्यालाच हे शिकायचे होते. एरिकसन यांच्या पत्नी जोन यांनी पतीच्या निधनानंतर, १९९७ साली, नव्वदी ओलांडलेली असताना, त्या आठ टप्प्यांना नववा जोडला. शरीरावरचा भरवसा सुटतो तेव्हा तान्ह्या बाळाचा पहिला धडा, म्हणजे विश्वास, पुन्हा गिरवावा लागतो, असे त्यांना स्वानुभवाने दिसले. वाढणाऱ्याने शेवटी वाढून घ्यायला शिकायचे असते.

आणि ज्याला तेही शिकता येत नाही, त्याचे काय? येथे ‘हेलिकिया’ हा शब्द पुन्हा माझ्या मदतीला आला. इफिसकरांस लिहिताना पौल ख्रिस्ताच्या पूर्णतेच्या उंचीचे माप सांगतो (४:१३). तेथे पोहोचणारे ‘आपण सर्व’ अनेकवचनी आहेत, आणि ज्याची उंची मोजली जाते तो प्रौढ मनुष्य एकवचनी आहे. ती उंची एकट्याची नाहीच. ती शरीराची आहे. आईची वाढ तिच्या आठवणींबरोबर संपली, असे मी म्हणू लागलो, तर तिला त्या शरीरातून कापून काढल्यासारखे होईल. मग त्या उंचीत कमी पडेन तो मी. त्या रात्री तोल तिच्या हाताचा गेला होता. उंची माझी कमी पडली होती.

‘वृद्ध’ या शब्दाचा मूळ अर्थच ‘वाढलेला’ असा आहे. आपल्या मंडळ्यांतून किती वाढलेले लोक आज मागच्या बाकावर किंवा बंद खोलीत बसून असतील, आणि किती जणांच्या हातून आपण पळी काढून घेतली असेल! त्यांचे स्मरण देव करतो, ही आपली श्रद्धा आहे. परंतु त्यांना ताटापाशी बसविणे हे काम त्याने आपल्यावर सोपविले आहे.

आता जेवताना आम्ही आईच्या हाती मिठाची वाटी देतो. ती मला मीठ वाढते. कधी एकाच जेवणात तीनदा वाढते, आणि प्रत्येक वेळी विचारते, “बाळ, पुरे ना?” मी ताट पुढे करतो.