टपालाची वर्गवारी आणि विवेक

टपालाची मांडणी हा नीतीचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका वाचकांस येईल. आम्हांसही ही कल्पना परवापर्यंत हास्यास्पद वाटली असती.

अध्यापनाच्या निमित्ताने आम्ही चार मेलिंग लिस्टांचे सभासद झालो. एकाने ईमेल धाडावे व ते शेकडो सभासदांच्या इनबॉक्समध्ये एकदम जाऊन पडावे, अशी ही योजना. या वर्षावाखाली घरची पत्रे दिसेनाशी झाली, तेव्हा आम्ही नियम बांधला, की लिस्टचे पत्र परस्पर निराळ्या फोल्डरात जावे. हे सुकर आहे; कारण अशा पत्राच्या मस्तकी लिस्टची ओळख सांगणारी ‘लिस्ट-आयडी’ ही ओळ घालण्याचा संकेत २००१ साली ठरला. विषयातील शब्दांवरून निवड केल्यास घोटाळे होतात. या ओळीवरून सहसा होत नाहीत.

इनबॉक्स स्वच्छ झाला. चार महिन्यांनी तो फोल्डर सहज उघडला, तो एका जुन्या विद्यार्थ्याचे पत्र आढळले. प्रबंधातील एक अडचण त्याने सर्वांपुढे मांडली होती. उत्तर आम्हांस ठाऊक होते. दिले मात्र कोणीच नव्हते. प्रबंधाची मुदत केव्हाच टळली होती.

पत्र सर्वांस होते, एकट्या आम्हांस नव्हते, हा बचाव मनात आला. परंतु बारभाईंची शेती बुडते ती याच युक्तिवादाने. उलटपक्षी, आलेले प्रत्येक पत्र वाचलेच पाहिजे, असे म्हणणेही ढोंग होय; मनुष्याचे अवधान परिमित आहे. तेव्हा निवड करणे हा दोष नव्हे. बाजूस ठेवले म्हणजे निकालात निघाले, असे मानणे हा दोष. वर्गवारी ही वाचनाची पूर्वतयारी. आम्ही तिला वाचनाचा पर्याय केले. फोल्डर करणे म्हणजे ‘सवडीने येईन’ असे वचन देणे होय, आणि जे पाळावयाचे नाही ते वचन देऊ नये. लिस्ट सोडण्याची वाट पत्राच्या मस्तकीच नोंदवावी, हा संकेत तर १९९८ सालचा आहे. सभासद म्हणून नाव राखावयाचे आणि कान बंद ठेवावयाचे, यापेक्षा उघड निरोप घेणे अधिक प्रामाणिक.

आम्ही दोन लिस्टा सोडल्या. उरलेल्या दोहोंसाठी शनिवारची सकाळ राखली. त्या विद्यार्थ्यास उत्तर लिहून क्षमा मागितली. त्याने उलट टपाली आभार मानले, आणि त्या आभारांनीच आम्ही अधिक ओशाळलो.