काळाने पात्र शुद्ध होते काय?

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात भांड्यांच्या शुद्धीचे जे प्रकरण आहे ते वाचताना एक गोष्ट विशेष नजरेत भरते, ती ही की तेथे प्रत्येक द्रव्याला त्याच्या प्रकृतीनुसार निराळा न्याय लावलेला आहे: धातू राखेने व पाण्याने उजळतो, शंख, शिंग, हाड आणि हस्तिदंत यांच्या वस्तू क्षौमवस्त्राप्रमाणे धुऊन शुद्ध होतात, परंतु मातीच्या भांड्याला पुन्हा अग्नीत घातल्यावाचून गत्यंतर नाही. त्याच अध्यायात देहधाऱ्यांना शुद्ध करणाऱ्या गोष्टींची जी गणना आहे, तिच्यात ज्ञान, तप, अग्नी आणि जल यांच्या पंक्तीला काळही बसविलेला आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील इंग्रजी नक्षीदार कपबश्या आणि चहादाण्या जमविण्याचा नाद ज्याला लागला आहे, त्याला हे प्रकरण केवळ गतकालीन आचाराचे म्हणून बाजूला सारता येत नाही. कारण ज्या वस्तूच्या घडणीत एकेकाळी क्लेश आणि अन्याय मिसळलेले होते, ती आता जुनी झाली एवढ्यानेच निर्दोष ठरते काय, हा प्रश्न त्याच्या कपाटासमोर नित्य उभा असतो.

आपल्याकडील शाकाहारी घरांत या भांड्यांविषयी पहिला आक्षेप निघतो तो हाडांचा, आणि तो निराधार नाही. स्टॅफर्डशायरमधील स्टोक येथील जोसाया स्पोड पितापुत्रांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस जे शुभ्र, पातळ आणि उजेडापुढे धरले असता पलीकडील बोटांची सावली दाखविणारे मिश्रण सिद्ध केले, त्यात सुमारे निम्मा भाग गुरांच्या हाडांच्या राखेचा, आणि उरलेला कॉर्नवॉलच्या पांढऱ्या मातीचा व तेथल्याच दळलेल्या दगडाचा असतो. स्मृतीच्या दृष्टीने पाहू गेल्यास येथे हाड हे क्षुल्लक आणि मातीच अवघड ठरते. आणि ती माती तर एकदा कच्ची भाजून, पुन्हा काचलेप देऊन, आणि वरून रंग भरले असल्यास तिसऱ्यांदाही भट्टीतून निघालेली असते. तथापि शुद्धीचे समाधान झाले म्हणजे करुणेचे झाले असे नव्हे, आणि मुक्या जनावराचा प्राण ज्याच्या मनाला सलतो त्याने तो पेला ओठाला लावू नये, हे मला सर्वस्वी मान्य आहे.

आपल्या समाजाने चहाच्या पेल्यावरून एक मोठा खटलाच चालविला होता. १८९० साली पुण्याच्या पंचहौद येथील ख्रिस्ती मिशनमध्ये चहा पुढे आला, टिळक, रानडे, गोखले यांच्यासारख्यांची नावे वृत्तपत्रात जाहीर झाली, ग्रामण्य माजले, फिर्याद शंकराचार्यांपर्यंत गेली आणि प्रायश्चित्ते घेतली गेली. त्या वादाचा सारा रोख पेला कोणी पुढे केला आणि तो कोणी ओठाला लावला याच्यावर होता. इंग्लंडात त्याच्या शंभर वर्षे आधी हाच प्रश्न दुसऱ्या टोकाकडून विचारला गेला होता.

मेथॉडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने १७४६ साली चहा सोडला आणि १७४८ साली एका स्नेह्याला उद्देशून लिहिलेले पत्र छापून त्याची कारणे मांडली. चहाने प्रकृती बिघडते हे एक, आणि त्यावर खर्च होणारा पैसा दरिद्री माणसाच्या मुखी जावा हे दुसरे. पुढे त्याने चहा पुन्हा घेतला. त्याचा त्याग मला मोठा वाटतो, परंतु त्याची दृष्टी पेल्यात किती पैसा जातो येथवर पोहोचली होती, पेल्यात काय येते येथवर अद्याप नव्हती. १७८४ साली पार्लमेंटने चहावरील जकात शेकडा ११९ वरून साडेबारावर आणली, तेव्हा चहा सामान्य घरांत शिरला, आणि चहाच्या मागोमाग साखर शिरली. ती साखर वेस्ट इंडीजच्या मळ्यांत गुलामांच्या हातून निघत होती. गुलामांचा व्यापार बंद करण्याचा प्रस्ताव १७९१ साली पार्लमेंटने फेटाळला, तेव्हा विल्यम फॉक्स याने एक पुस्तिका काढून असा युक्तिवाद मांडला की जो साखर विकत घेतो तो त्या पातकाचा भागीदार होय. आणि हजारो कुटुंबांनी, विशेषतः घर चालविणाऱ्या स्त्रियांनी, साखर वर्ज्य केली. माझ्या समजुतीने तो एक धार्मिक आचारच होता, फरक इतकाच की तेथे विटाळ स्पर्शाचा नसून अन्यायाचा मानला गेला.

पुढे १८२० नंतरच्या दशकात तर साखरदाणीच त्या व्रताची साक्षीदार झाली: आतली साखर ईस्ट इंडीजची असून ती गुलामांनी केलेली नाही, असा जाहीरनामा तिच्या अंगावर लिहिलेला असे. हे भांडे पाहून माझे मन भरून येते, आणि तरीही एक गोष्ट नोंदविल्यावाचून राहवत नाही, ती ही की हिंदुस्थानातही गुलामीला कायद्याचे पाठबळ होते आणि ते काढून घेणारा कायदा कंपनी सरकारने १८४३ साली केला. सर्वांशी स्वच्छ साखर त्या सद्भावी गृहिणीला कोठूनही मिळाली नसती.

फॉक्सच्या काळातला दुसरा थोर पुरुष जोसाया वेजवुड. राणी शार्लटसाठी चहाचा संच करून दिल्यावर त्याच्या मलईरंगी भांड्यांना राणीचे नाव मिळाले, आणि पांढऱ्या साखरेचा चहा पिणाऱ्या उच्चभ्रू घरांवर त्याचा कारखाना मोठा झाला. त्याच वेजवुडने १७८७ साली साखळदंडात गुडघे टेकलेल्या गुलामाचे पदक आपल्या खर्चाने घडवून वाटले, आणि लोकांनी ते बांगड्यांत व केसांच्या काट्यांत बसवून मिरविले. त्या पदकातील कळकळ खरी होती याविषयी मला शंका नाही. परंतु स्टॅफर्डशायरच्या भट्ट्यांभोवतीचे दुःख त्या पदकावर नव्हते.

ते दुःख दुसऱ्या दफ्तरात आहे. पार्लमेंटने नेमलेला सॅम्युअल स्क्रिव्हन हा चौकशी अधिकारी त्या गावांतून हिंडला आणि १८४१ च्या त्याच्या अहवालात मुलांच्या जबान्या नावनिशीवार उतरलेल्या आहेत. बशी थापणाऱ्या कारागिराच्या हाताखाली एक पोरगा असे. ओली बशी साच्यासह उचलून त्याने तापलेल्या खोलीत धावत न्यावी, रिकामा साचा घेऊन धावत परत यावे, आणि हे दिवसभर चालावे. भाजलेली भांडी शिशाच्या काचलेपात बुडविणाऱ्यांचे हात कालांतराने लुळे पडत. गारगोटीची पूड उडे तेथील माणसांची फुप्फुसे जात. कारखान्यांचा कायदा या धंद्याला लागू झाला तो १८६४ साली.

संग्राहक पेला उलटा करून तळचा शिक्का वाचतो. १८४२ ते १८८३ या अवधीत नोंदविलेल्या नक्षीखाली शंकरपाळ्याच्या आकाराचा शिक्का असतो, आणि त्यातील अक्षरांवरून व आकड्यांवरून वर्ष, महिना व तारीख काढता येते. म्हणजे सरकारने नक्षीच्या मालकीची मिती नेमकी जपली. करणाऱ्यांपैकी कोणाची खूण असलीच तर ती दांड्याजवळ असते. निळ्या छापाच्या भांड्यांवर तांब्याच्या पत्र्यावरून पातळ कागदावर घेतलेली नक्षी मुली कात्रीने कापीत आणि स्त्रिया ती भांड्यावर चिकटवून घाशीत. जेथे कागदाची दोन टोके मिळत तेथे वेलबुट्टी किंचित हुकलेली दिसते. बाजारात ती उणीव समजली जाते. माझ्या मते तो सांधा त्या पेल्यातील सर्वांत मौल्यवान स्थळ आहे, कारण तेथे एका विशिष्ट दिवशी एका विशिष्ट माणसाचा हात थांबला होता.

आता मूळ प्रश्नाकडे वळावयाचे तर स्मृतीतील ती गणना नीट वाचली पाहिजे. काळ तेथे शुद्धिकर्ता आहे तो देहधाऱ्यांचा, जे भोगतात, पश्चात्ताप करतात आणि बदलतात त्यांचा. पेल्याला देह नाही. त्याचे वय वाढते आणि साक्षीदार मरून जातात, इतकेच होते. शुद्धीची गरज आहे ती त्या पेल्याच्या आजच्या धन्याला, आणि त्याच्यासाठी त्या गणनेत पहिले नाव ज्ञानाचे आहे. म्हणून जो केवळ रमणीयतेसाठी संग्रह करतो त्याचा परिग्रह मला सदोष वाटतो, आणि जो आपल्या वहीत डाव्या पानावर शिक्का, साल व किंमत लिहून उजव्या पानावर त्या जबान्यांतील एखादी उतरून ठेवतो, त्याच्या संग्रहाला मी स्वाध्याय म्हणेन. सुरुवातीच्या काळातील कित्येक स्वस्त निळ्या पेल्यांना शिक्काच नाही. त्यांच्यापुरते डावे पान कोरे राहील, आणि लिहावयाचे ते सारे उजवीकडेच लिहावे लागेल.