तोंड पाहून वय सांगावे काय?

पवनीच्या बाजारात धानाची रोवणी करणारी एक बाई व तिच्याच वयाचा मागावर बसणारा एक विणकर शेजारी उभे राहिले, तर पाहणारा मनुष्य बहुधा त्या बाईस वडील ठरवील. असे का व्हावे?

पहिले कारण ऊन. सूर्याचे डोळ्यांस न दिसणारे अतिनील किरण कातडीतील ताण धरणारे तंतू तोडितात. मग डोळ्यांच्या कडांस सुरकुत्या पडतात, मान रापते. त्याच बाईच्या चोळीखालचा दंड पाहिला तर कातडी अजून मऊ असते. म्हणजे एकाच देहावर दोन वये लिहिलेली असतात! दुसरे कारण दात. दात गेला की त्यास धरणारे जबड्याचे हाड झिजते, ओठ आत जातात, हनुवटी नाकाजवळ येते. आमच्या भागात खर्रा खाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. भुवया व ओठ ह्यांचा रंग चेहऱ्याहून गडद असतो. तो वयाबरोबर फिका होतो, आणि पाहणाऱ्याची नजर नकळत तेही टिपते. पांढऱ्या केसांचा भरवसा मात्र थोडा, कारण ते पुष्कळसे आईबापांकडून येतात.

तेव्हा चेहरा वर्षांपेक्षा श्रमांचाच हिशेब अधिक सांगतो. कायदाही त्यावर फारसा विसंबत नाही. अल्पवयीनांविषयीच्या 2015 च्या कायद्याने वयाची शंका आल्यास आधी शाळेचा दाखला, मग जन्माचा दाखला व शेवटी हाडांची तपासणी असा क्रम लावला आहे. ती तपासणीही दोनएक वर्षे इकडेतिकडे होते, असे न्यायालये मानितात.

आता त्या बाईची गोष्ट घ्या. रोवणीच्या दिवसांत बांधीचा मालक तिचे तोंड पाहून म्हणतो, ही म्हातारी झाली, हिच्याने काम होणार नाही. ती श्रावणबाळ योजनेच्या निवृत्तिवेतनासाठी कचेरीत जाते, तेव्हा कारकून कागद पाहून म्हणतो, अजून 65 पुरी नाहीत. मालकास ती म्हातारी व कचेरीस तरणी! जिने दुसऱ्याच्या बांधीत सर्वांहून अधिक ऊन सोसले, तिलाच त्या उन्हामुळे मजुरी नाकारावी, हा न्याय नव्हे. कारकुनास मी दोष देत नाही. तोंड पाहून पैसे वाटले तर ज्याचा त्याचा वशिला चालेल. परंतु मालकास कागद पाहावयाचा नसतो. त्याने तिचे हात पाहावेत, एक दिवस बांधीत उतरू द्यावे, आणि मग बोलावे.

कागदही नेहमी खरे सांगतो असे नाही. पुष्कळांच्या शाळेतील जन्मतारखा गुरुजींनी अंदाजाने 1 जून वा 1 जुलै अशा घातलेल्या आहेत. जुन्या कोतवाल पुस्तकात जन्माची नोंद पुष्कळदा सापडते, जरी तेथे मुलीचे नाव नसून केवळ बापाचे नाव असले तरी. तिची नक्कल तहसील कचेरीत मागता येते. गावात जो लिहिणारा-वाचणारा असेल, त्याने म्हाताऱ्यांबरोबर एक दिवस तिकडे जावे. एकट्याने त्यांच्याने ते काम होत नाही.