शंभराच्या आतला पट

आलापल्लीत पोर आधी मोजायला शिकतं. गावाची ओळखच सागवानाच्या डेपोची. लठ्ठ्याची लांबी, घेर, त्यावरून घनमीटर, मग हातोड्याचा ठसा आणि नंबर. माझे बाबा तिथंच होते. बारावीनंतर नागपूरला जाऊन एटीडी करतो, चित्रकलेचा मास्तर होतो, असं मी सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "लाकूड घनमीटरनं मोजतेत. चित्र कायनं मोजतेत बा?"

मला उत्तर सुचलं नाही. पुढं कळलं, सरकारनं ते देऊन ठेवलं आहे: पटानं. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कलाशिक्षणाचा निदेशक सांगितलेला आहे. तो अंशकालीन, आणि पट शंभराच्या वर असेल तरच. आलापल्लीसारख्या बाजाराच्या गावात हा आकडा गाठता येतो. इथून भामरागड किंवा एटापल्लीच्या वाटेला लागलं की पाड्यांवरच्या शाळांत तो शोधावा लागतो. शंभरावर पोरं जमली तर चित्रकला, नाहीतर नाही. कलाशिक्षक व्हायचं ठरवणाऱ्यानं या भागात पगाराच्या आधी हे गणित समजून घ्यावं.

माझं म्हणणं असं की हे गणित उलटं आहे. शाळा जितकी लहान आणि आत, तितका तिथं चित्रकलेचा मास्तर आधी हवा. माडिया बोलणारं पोर पहिलीत येतं तेव्हा पुस्तक मराठी, फळा मराठी, दरडावणंही मराठी. पोर गप्प बसतं आणि मास्तर ठरवतो की ते अबोल आहे. त्याच पोराच्या हाती कोळसा आणि कागद द्या. आता ते काढतं आणि मास्तरला कळत नाही. विचारायची पाळी मास्तरवर येते. माडियातला पहिला शब्द मी असाच, एका चित्राबद्दल विचारताना शिकलो.

यावर नेहमीचा आक्षेप असा की हे काम वर्गशिक्षकही करू शकतो. करतोच की. फळ्यावर दोन डोंगर, मधून सूर्य, बाजूला नारळाचं झाड. पोरं उतरवून घेतात. खिडकीबाहेर मोह आणि ऐन उभे असतात, वहीत मात्र नारळ. त्या शिक्षकाला मी दोष देणार नाही. दोन माणसांनी चार-पाच वर्ग सांभाळायचे आणि वर माहिती भरून पाठवायची, तर नारळच येणार. साहित्याला पैसे नाहीत हे कारण मात्र मला पटत नाही. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की लाल रंग निघतो, हे इथल्या पोरांना कुणी शिकवावं लागत नाही.

अडचण आमच्या बाजूलाही आहे. आम्हाला घडवतं ते एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांचं वळण: स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. हाताला शिस्त लागते, ते मी नाकारत नाही. पण डोळ्याला सवय लागते ती चूक शोधायची. आणि इंटरमिजिएटच्या ग्रेडवर दहावीला वाढीव गुण मिळतात म्हटल्यावर पालकही विचारतात ते तेवढंच. पुन्हा मोजमाप.

सेवाग्राम इथून लांब, पण आपल्या विदर्भातलंच. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद 1944 मध्ये तिथं आले आणि नई तालीमच्या शाळेतल्या पोरांना त्यांनी 1962पर्यंत चित्रकला शिकवली. चित्रकार घडवणं हा त्यांचा हेतू नव्हता. कला हा शिक्षणाचा पाया आहे, ही त्यांची भूमिका होती. पाया म्हटला की तो पट भरायची वाट पाहत नाही. मोजमापाबाहेर काही ठेवता येतं, हे आमच्याकडेही दिसतं. गावाजवळ सागाचा एक जुना तुकडा तोडीविना राखून ठेवला आहे. 2014 मध्ये तो राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसास्थळ झाला. म्हणजे ज्या वनखात्यानं आयुष्यभर घेर मोजला, त्यालाही काही झाडं घनमीटरच्या हिशेबाबाहेर ठेवावीशी वाटली. बाबांना हे उदाहरण दिलं तेव्हा ते हसले. पटलं की नाही ते बोलले नाहीत.

मीही मोजतोच. एका जुलैत स्मरणचित्राला विषय दिला होता, 'तेंदूची फळी', म्हणजे तेंदूपानांचे पुडे मांडून वाळवतात ती जागा. सहावीतल्या एकानं अख्खा कागद पुड्यांच्या ओळींनी भरला. सरळ, दाट, वरून पाहिल्यासारख्या ओळी. माणूस एकही नाही. परीक्षेच्या सवयीनं माझी पेन्सिल कोपऱ्याकडे गेली आणि मी विचारलं, "माणसं कुठं आहेत रे?" तो माडियात काहीतरी बोलला. शेजारच्यानं सांगितलं, "सर, सकाळ आहे ना. सारे पानं तोडाले गेले."