नदीला चार आणे

लहानपणी एस.टी.नं कोकणात जाताना महाडजवळ सावित्री नदी आली, की आई पदराची गाठ सोडून चार आण्यांचं नाणं माझ्या हातात ठेवायची. ते खिडकीतून नदीत टाकायचं आणि हात जोडायचे. पुढे बी.कॉम. झाल्यावर ध्यानात आलं, की नोंद चुकीच्या खात्यात होत होती. पलीकडे नेत होता पूल. जमा मात्र नदीच्या नावावर!

१९२८ सालचा तो दगडी पूल अठ्ठ्याऐंशी वर्षं बिनव्याजी राबला. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीच्या पुरात तो कोसळला. जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली या दोन एस.टी. गाड्या माणसांसकट गेल्या.

मग नवा पूल उभा राहिला. किती दिवसांत? १६५! ५ जून २०१७ ला उद्‌घाटनही झालं. कौतुक व्हायलाच हवं; आमच्या बँकेत पंखा दुरुस्त व्हायला याहून जास्त दिवस लागतात. पण मनात येतं, समजा जुना पूल आदल्या दिवशीच कुणी बंद केला असता, तर? त्याला हार सोडाच, 'चांगला पूल उगाच बंद केला' म्हणून शिव्या मिळाल्या असत्या. जे घडलंच नाही, त्याबद्दल आपण कुणाचे आभार मानतो?

त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची तपासणी झाली होती आणि तेव्हा तो सुरक्षित ठरला होता, असं सरकारनं नंतर सांगितलं. ते वाचून मी तावातावानं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण संध्याकाळची लोकल गाठायची म्हणून व्हाउचरांच्या गठ्ठ्यावर न बघता लाल टिक मारणारा हात माझाच. माझी टिक बघून साहेब सही करतात, साहेबांची सही बघून ऑडिटर मान डोलावतो. तिघांनी तपासलेलं व्हाउचर खरं तर कुणीच पाहिलेलं नसतं! आजवर काही कोसळलं नाही, एवढ्याच भांडवलावर मी प्रामाणिक माणूस. यात माझा प्रामाणिकपणा किती आणि नशीब किती?

परवा सगळी व्हाउचरं एकेक करून पाहिली. लोकल चुकली.

"उशीर का?" बायकोनं विचारलं.

"पूल तपासत होतो."

तिनं मुकाट्यानं माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.