गुडघ्याइतकं पाणी

थायलंडमधल्या फी फी ले बेटावरच्या माया बेमध्ये पोहायला बंदी आहे. गुडघ्याइतक्या पाण्यात उभं राहायचं, फोटो काढायचे, निघायचं. २००० साली ‘द बीच’ सिनेमा आला आणि पुढे या चिमुकल्या किनाऱ्यावर दिवसाला पाच-पाच हजार माणसं उतरू लागली. नांगरांनी प्रवाळ मोडलं. २०१८ मध्ये किनारा बंद केला, २०२२ मध्ये मोजक्यांसाठी उघडला. मधल्या शांततेत छोटे शार्क परत आले.

पाठीवर सॅक घेतलेला माझा मित्र म्हणाला, “आपण दोघं पोहलो तर असं काय बिघडणारे?”

हिशोब बरोबर आहे. सर्व्हरही कुठल्या एका रिक्वेस्टने पडत नाही. पण पडतो तेव्हा त्यातली प्रत्येक रिक्वेस्ट तितकीच निरागस असते. म्हणून लिमिट लावतात, कुणाचा स्वभाव तपासत बसत नाहीत. माया बेमध्ये मी नीट वागलो, त्याचं श्रेय नियमाला.

खरी पंचाईत पुढच्या बेटावर. रिकामा किनारा, ना पाटी ना रक्षक. मित्राने विचारलं, “लोकेशन टॅक करू का स्टोरीत? की नको?”

आम्हालाही ही जागा कुणाच्या तरी स्टोरीतूनच कळली होती. मी “नको” म्हणालो. म्हणालो खरा, पण लोकलमध्ये स्वतः चढल्यावर “आता जागा नाही” असं दारातून ओरडणाऱ्या माणसाचा मला आजही राग येतो.