उसना राग
१९६३चा ग्रे कप, म्हणजे कॅनेडियन फुटबॉलचा अंतिम सामना, व्हँकुव्हर. हॅमिल्टनचा धिप्पाड बचावपटू अँजेलो मॉस्का सीमारेषेपाशी आडव्या झालेल्या विली फ्लेमिंगवर आदळला. बीसी लायन्सचा हा हुकमी धावपटू सामन्याबाहेर गेला आणि हॅमिल्टन २१-१० जिंकलं.

मॉस्काच्या नावावर पाच ग्रे कप. पुढे कुस्तीच्या आखाड्यात ‘किंग काँग’ होऊन त्याने या धडकेची बदनामी बिनदिक्कत खपवलीही!

मार फ्लेमिंगने खाल्ला, राग जपला त्याचा क्वार्टरबॅक जो कॅपने. पुढच्याच वर्षी लायन्सनी हॅमिल्टनला हरवलं, तरी तो निवला नाही. २०११मध्ये माजी खेळाडूंच्या भोजनसमारंभात कॅपने समेटाचं म्हणून मॉस्काच्या तोंडासमोर फूल नाचवलं. मॉस्काने काठी हाणली, कॅपने ठोसे. दोघंही सत्तरी ओलांडलेले.

फ्लेमिंगच्या वतीने समेट करायचा अधिकार कॅपला होता का? ज्यू परंपरेत योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवसही, माणसाने माणसाचा केलेला अपराध धुऊन काढत नाही. आधी दुखावलेल्याचीच समजूत घालावी लागते. या कसोटीवर कॅपचं फूल नापास. पण मग त्याचा जवळपास अर्धशतकाचा रागही उसनाच की! मॉस्काही सहज सुटत नाही: पंचांनी काहीही ठरवलं असो, तो मैदानापुरता निवाडा, फ्लेमिंगचं देणं त्यात फिटत नाही.